ताप न मोजणारा थर्मामीटर

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे, पण मी आजाऱ्याचा ताप कधीच मोजला नाही. कारखान्यात मला दशांशाचे दोन आकडे दाखवायला शिकवले. बाईच्या शरीरात बीज तयार होऊन सुटले, की तिचे तापमान किंचित वाढते. ती वाढ टिपणे हेच माझे काम.

माझी मालकीण शिवणकाम करी. डोळे उघडताच, अंथरुणातून न उठता, ती मला जिभेखाली धरी आणि चौकटीच्या कागदावर ठिपका काढी. अंगावरून जाणारा स्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला गेला, तर शेजारी फुली मारी. तोच दिवस गर्भ राहण्याचा, म्हणून बेकरीत रात्रपाळी करणाऱ्या नवऱ्याला सुट्टी घ्यावी लागे.

"रोज कसला ताप बघतेस गं?" सासूबाई विचारत.

"आई, या घरातला ताप मोजायला एक थर्मामीटर पुरायचा नाही," नवरा म्हणे. तेव्हा तिघेही हसत.

पुढे ते हसणे थांबले. दोन वर्षांचे कागद साठले. दर महिन्याला ठिपके चढत, चढल्यापासून चौदाव्या दिवशी कोसळत आणि मासिक पाळी येई. मालकीण चहा सोडून बसली, वजन उचलेना, झोपेतही माझ्या डबीवर हात ठेवी.

एकदा मात्र सतरा दिवस आकडा वरच राहिला. तिने कुणाला सांगितले नाही. फक्त कपाटातून मऊ पिवळे कापड काढून मशीनवर ठेवले. अठराव्या सकाळी आकडा उतरला; मी सत्त्याण्णव पॉइंट एक दोन दाखवले. तिने मला पुसून पुन्हा लावले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मित्रांनो, खोटे बोलता आले असते, तर त्या दिवशी मी बोललो असतो.

दुसऱ्या दिवशी तिने पेल्यात कोमट पाणी घेतले आणि मला त्यात बुडवले. आकडा चढला. ती ठिपका काढणार, इतक्यात नवरा पाळीवरून आला. त्याच्या भुवयांवर पीठ होते.

"हे काय करतेस?"

"एक दिवस तरी आकडा वर दिसू दे हो. माझ्यातच काहीतरी खोट आहे."

त्याने पेला बाजूला सरकवला. "आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी मलाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. मी गेलोच नाही."

"तुम्ही तर तपासलं, सगळं ठीक आहे म्हणालात की."

"घाबरलो. खोटं बोललो."

"आठ महिने मी स्वतःलाच दोष देतेय." तिचा आवाज चढला नाही. तिने कागद घडी करून ठेवले. "तोंड धुवा. आत्ता जायचं."

दोष त्याच्यात निघाला. उपचार सुरू झाले. मूल अजून आलेले नाही, आणि येईलच असे डॉक्टर म्हणत नाहीत. पण आता दवाखान्याच्या बाकावर दोघे असतात. तिने मात्र त्याला पुरते माफ केलेले नाही. कधीकधी दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा रिकामी असते.

माझा सेल संपला आहे. मी बटणांच्या खणात पडून असतो, आणि मला त्याचे वाईट वाटत नाही. एवढेच सांगतो मित्रांनो, ज्या घरात मूल नाही, तिथे बाईकडे बोट दाखवू नका. आणि आपली भीती लपवण्यासाठी दुसऱ्याला कधी दोषी ठरू देऊ नका.