चौऱ्याऐंशी लाख अधिक एक

सायखेड्याचे पुंजाआप्पा दर शनिवारी मारुतीच्या देवळात प्रवचन करत. विषय बहुधा एकच असे. देवाने चौऱ्याऐंशी लाख योनी ठरवून निर्माण केल्या. त्यांत एक वाढली नाही, एक बदलली नाही. माणूस माकडापासून झाला म्हणणाऱ्यांचा ते विशेष समाचार घेत, आणि तो मूर्तीकडे पाठ करून घेत. त्यांची सून निकिता नाशिक रोडच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवत असल्याने हा भाग पुढे घरी जेवणाच्या ताटावरही चाले.

अशात आप्पांच्या द्राक्षबागेत थॉमसन वाणाच्या एका जुन्या वेलीवर एकाच काडीला लांबच लांब मणी लागले. बाकीची वेल नेहमीच्या आखूड मण्यांची. आप्पांनी त्या काडीचे डोळे जंगली खुंटांवर भरून, म्हणजे कलमे बांधून, नवी रांग लावली. तिलाही तसेच मणी आले. व्यापारी बांधावर गाड्या थांबवू लागले. बागायतदारांची एक समिती नव्या वाणाला नाव मंजूर करते, आणि मग ते नाव रोपवाटिकेच्या पाटीवर आणि लोकांच्या तोंडी राहते. आप्पांनी नाव ठरवले, 'पुंजा सीडलेस'. आयुष्यात आता त्यांना दुसरे काही नको होते.

समिती पाहणीला आली त्या दिवशी शेजारचा सहादू तसल्याच लांब मण्यांची पाटी घेऊन हजर झाला. त्याच्या वाणाचे नाव होते 'सहादू गोल्ड'.

छाटणीच्या दिवसांत कोणी काडी मागितली तर नाही म्हणायचे नाही, अशी तिथली रीत. आप्पांनी ती पाळली होती.

"सहाद्या, माझ्याच वेलीची काडी हाय ही. परवाच्या साली तू नेली."

"नेली ना, आप्पा. पन ती वाळून गेली. ही वेल देवानं माझ्या बागेत घडवली."

"अशी आपोआप?"

"तुमीच सांगता ना शनिवारी? देव घडवतो ते सरळ घडवतो, एकातून दुसरं निघत नाय. मी पहिल्या रांगेत बसतो, आप्पा."

समितीच्या अध्यक्षांनी चहाचा कप खाली ठेवला. "पुंजाआप्पा, तुमचा वाण कशातून आला?"

"थॉमसनातून."

"म्हणजे थॉमसन बदलला?"

आप्पांनी एकदा बाजूला उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिले.

"बदलला नसेल तर हा थॉमसनच," अध्यक्ष म्हणाले. "मग नवं नाव कशाला?"

"बदलला," आप्पा म्हणाले. "थोडा."

सहादू पहिल्या रांगेतल्यासारखाच मन लावून ऐकत होता.

शेवटी दोन्ही बागांतली पाने तपासणीला प्रयोगशाळेत गेली. निकाल आला तेव्हा निकिताने तो समितीला समजावून सांगितला. वेलीची पेशी वाढताना जनुकांची नक्कल होते आणि नकलेत कधीकधी चूक राहते. अशाच एका चुकीने मणी लांबले होते. आप्पांच्या त्या जुन्या वेलीत आणखीही काही बारीक चुका होत्या, ज्यांचा ना फायदा ना तोटा. त्या सहादूच्या इतर वेलींत नव्हत्या. त्याच्या लांब मण्यांच्या वेलीत मात्र सगळ्या होत्या, जागच्या जागी.

"दोन पोरांचं बरोबर उत्तर सारखं आलं तर शंका घेता येत नाही," ती म्हणाली. "पण दोघांच्या चुकाही त्याच, त्याच ओळीत असल्या, तर एकानं दुसऱ्याचं पाहून लिहिलंय."

"माझ्या वाणाला चूक म्हणतेस?" आप्पा आधी कडाडले. मग त्यांच्या ध्यानात आले. "बरोबर हाय! चुकाच हायेत! ह्या चुका माझ्या हायेत, लिहून घ्या! दोन्ही वेलींचा मूळ पुरुष माझ्या बागेत हाय!"

नाव मंजूर झाले, 'पुंजा सीडलेस'. सहादूने हार आणला. तो आप्पांच्याच अंगणातल्या झेंडूचा होता.

घरी परतताना निकिता म्हणाली, "आप्पा, माणसाच्या आणि माकडाच्या जनुकांतही अशाच सारख्या चुका सापडतात. जागच्या जागी."



"तो विषय वेगळा," आप्पा म्हणाले. "माकडानं कुनाकडून काडी नेली होती का?"

शनिवारी देवळात बसायला जागा नव्हती. आप्पांनी मूर्तीला नमस्कार केला, पाठ केली आणि सुरुवात केली, "देवानं चौऱ्याऐंशी लाख योनी घडवल्या..." ते थांबले. पुढे व्यापारी बसले होते. "...अधिक एक," ते म्हणाले. "ती त्यानं मुद्दाम मागं ठेवली होती, सायखेड्यासाठी."

टाळ्या पडल्या. सहादू उठून उभा राहिला.

"आप्पा, यंदा माझ्या जुन्या वेलीवर एका काडीला तांबूस मणी आलेत. लय गोड हायेत. मंग अधिक दोन धरायचे का?"

"तो रोग हाय," आप्पा म्हणाले. "देवाची करणी आन् रोग यात फरक कळायला अभ्यास लागतो. खाली बस."

प्रसाद वाटून झाला, लोक पांगले. पायरीवर चपला घालताना आप्पांनी सहादूच्या खांद्यावर हात ठेवला आणि इकडेतिकडे पाहून हळूच विचारले, "सहाद्या, छाटणी कवा काढतो रे तू?"