एकाआड एक गोळी

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन तिसऱ्यांदा पुढं ढकललं गेलं. जवळा बाजारहून हिंगोलीला जायचं, दंडाला पट्टा बांधून घ्यायचा आणि एकशे ऐंशीचा आकडा घेऊन परत यायचं, हा आमचा घरगुती कार्यक्रमच झाला होता.

"बीपी उतरल्याशिवाय डोळ्याला हात लावता येणार नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कारणं सांगितली. मीठ, लोणचं, पापड, अपुरी झोप, काळजी. पहिली तीन मी सहा महिन्यांपूर्वीच स्वयंपाकघरातून हद्दपार केली होती. आई अळणी वरण निमूट गिळत होती. उरलेल्या दोन कारणांना हाकलायची सोय माझ्याकडं नव्हती.

"गोळी रोज घेता ना, आजी?"

"व्हय," आई भिंतीकडं बघत म्हणाली. तिला भिंत काय आणि डॉक्टर काय, सारखेच धुरकट दिसतात, म्हणून मला काही वाटलं नाही.

शेजारी आमचे अण्णा, म्हणजे वडील व्यंकटराव, वय बहात्तर, ताठ बसलेले. "सिस्टर, माझंबी बघा. जन्मात बीपीची गोळी खाल्ली न्हाई. ठेचा मात्र रोज."

नीता सिस्टरनं पट्टा बांधला. एकशे तीस-ऐंशी.

"बघा! मन खंबीर लागतं," अण्णांनी अख्ख्या व्हरांड्याला सांगितलं आणि विजयी मुद्रेनं चहा आणायला गेले.

गेल्या वर्षी गावातल्या शिबिरात ह्याच खंबीर मनाचं एकशे सत्तर भरलं होतं. तेव्हा अण्णांनी मशीन बिघडल्याचा निकाल देऊन कागद फाडून टाकला होता. मशीन आपोआप दुरुस्त झालं कसं आणि आई भिंतीकडं का बघत होती, हे मला आत्ता कुठं उमगलं.

"आई, अण्णांना काय देऊन राहिलीस?"

तिनं आधी अण्णांची चाहूल घेतली. मग म्हणाली, "चहात घालते, कुटून. एक दिवस त्यांची, एक दिवस माझी."

"काहून पण?"

"ते मनानं घेत न्हाईत. अन् माझ्या डोळ्याचं काय, तुमचे आवाज वळखू येतात मला. त्यांना लकवा मारला तर उचलायचं कोणी? तू?"

मला स्लिप डिस्क आहे.

अण्णा तीन कप घेऊन मागंच उभे होते. त्यांनी स्वतःच्या कपात वाकून पाहिलं. मग तिन्ही कप माझ्या हातात देऊन सिस्टरकडं गेले.

"गोळीसाठी नाव लिहा माझं. पण मोठ्यानं वाचू नका."

"आजोबा, आकडा चांगला आला म्हणून मधेच बंद करायची नाही. रोज घ्यायची."

"कळतंय. मी काय लेकरू हाय का?"

त्यानंतर दोघांच्या गोळ्यांची पाकिटं वेगळी झाली, प्रत्येक गोळीवर वार लिहिलेली. महिन्यानं आईचं एकशे अडतीस आलं आणि ऑपरेशन झालं.

पट्टी सुटली तेव्हा आम्ही सगळे तिच्यासमोर नीट उभे होतो. आईनं डोळ्याची उघडझाप केली, माझ्यावरून नजर पुढं नेली आणि अण्णांच्या सदऱ्याच्या खिशातून वर आलेल्या पाकिटावर रोखली.

"कालची तशीच हाय," ती म्हणाली.