युनुएनच्या हाताएवढी गिटार

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे, आणि तीही लहान मापाची. मला पाहून कुणी "अरे वा" म्हटल्याचं मला आठवत नाही. माझ्या पोटावर शिंपल्यांची नक्षी नाही, मानेवर फुलं कोरलेली नाहीत. जिथे तारा बांधतात त्या घोडीच्या कडेला मात्र सरसाचा एक पिवळट डाग आहे. त्या डागाची गोष्ट मला सांगायची आहे. पण जरा दमाने घ्या बरं का, मी लाकडाची आहे, मला घाई जमत नाही.

त्याआधी मी झाड होते. डोंगरउतारावरचा पाइन. सकाळी धुकं खालून चढत यायचं आणि माझ्या फांद्यांत बसून राहायचं. तेव्हाचं फारसं काही आठवत नाही, फक्त वारा आठवतो. अजूनही कुणी हलक्या हाताने माझी जाड तार छेडली की मला वाटतं, वर डोंगरात वारा सुटला असेल.

मग मी पाराचोत आले. आमच्या या गावात घराघरातून रंध्याचा आवाज येतो आणि जेवताना ताटात एखादी ढलपी सापडली तरी कुणी कुरकुर करत नाही. मला घडवलं ताता अबुंदिओंनी. वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडे ताता म्हणतात. ते बोटाच्या पेराने माझ्या तबलीवर, म्हणजे पोटाच्या पातळ फळीवर, टकटक करायचे, कान जवळ न्यायचे, एक पातळ ढलपी काढायचे आणि पुन्हा टकटक. "बोल गं बाई, लाजू नकोस," म्हणायचे. एके दिवशी त्यांनी टकटक केली आणि नुसतेच हसले. तेव्हा मला कळलं की आपण बोललो.

पुढे मात्र दुकानात नुसतं लटकणं नशिबी आलं. मोठ्या, चकचकीत बहिणी येत आणि कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावरून निघून जात. माझ्याकडे बोट दाखवून गिऱ्हाइकं विचारायची, "हे खेळणं आहे का?" राग यायचा, खोटं कशाला बोलू? पण खिडकीतून दुपारचं ऊन माझ्यावर सरकत यायचं, खाली ढलप्यांची धूळ तरंगत असायची, आणि मी अर्धवट झोपेत राहायचे. किती काळ गेला कोण जाणे.

आता कॉर्पसच्या सणाचं सांगायला हवं. त्या दिवशी आमच्याकडे प्रत्येक धंद्याची माणसं आपापली अवजारं घेऊन मिरवतात आणि आपल्या हातच्या वस्तू, अगदी इवल्याइवल्या करून, गर्दीत उधळतात. पाववाले पाव उधळतात, टोपीवाले बोटभर टोप्या, आणि आमचे कारागीर अंगठ्याएवढ्या गिटारी. आमच्या गल्लीची एक जास्तीची रीत होती. ज्याच्या हाती जे येईल, त्याने पुढच्या सणाला त्या कामाचं काहीतरी करून दाखवायचं. न दाखवणाऱ्याला कुणी शिक्षा करत नसे, पण वर्षभर चिडवून जीव नकोसा करत.

त्या वर्षी अंगठ्याएवढी गिटार युनुएनने झेलली. ती एवारिस्तोची मुलगी. एवारिस्तो म्हणजे वरच्या वाडीतला गाणारा. पिरेकुआ, म्हणजे आमच्या डोंगरातली जुनी संथ गाणी, त्याने म्हणावीत आणि लोकांनी हातातला घास हातातच धरून ऐकावीत, असा त्याचा गळा. पण आदल्या हिवाळ्यात सॉ मिलमध्ये त्याच्या डाव्या हाताची बोटं गेली. त्याने आपली गिटार विकून टाकली आणि गाणंही सोडलं. डावा हात तो लोकरी सारापेत, म्हणजे अंगावरच्या जाड शालीत, लपवून ठेवायचा, घरातसुद्धा. युनुएनला वाटायचं, आपण वाजवायला शिकलो तर बाबा पुन्हा गातील. झेललेली गिटार हे तिला चांगलं निमित्त मिळालं.

दोघं दुकानात आले तेव्हा एवारिस्तोची नजर सरळ मोठ्या गिटारीवर गेली. शिंपल्यांची नक्षी, काळी मान. "ही घे. वाढतं अंग आहे तुझं, दोन वर्षांत बरोबर बसेल," तो म्हणाला, जसं मुलांना मापाहून मोठे बूट घेतात तसं. युनुएनने ती मांडीवर घेतली तर तिची हनुवटी गिटारीवर टेकली आणि बोटं जाड तारेपर्यंत पोचेनात. ताता अबुंदिओ पुढे आले. त्यांनी मला खुंटीवरून काढलं, अंगावरची धूळ फुंकली आणि तिच्या मांडीवर ठेवलं. तिची बोटं माझ्या मानेभोवती वळली आणि पोचली. अहाहा, मित्रांनो, त्या क्षणासाठी मी इतकी वर्षं लटकत होते असं मला वाटलं.

एवारिस्तोचं तोंड उतरलं. "एवढीशी?" तो म्हणाला.

"गिटार आजच्या हाताला घ्यायची असते, एवारिस्तो," ताता म्हणाले. "उद्याच्या हाताला उद्या दुसरी मिळेल."

मग त्यांनी माझ्याबरोबर काय काय घ्यायचं ते सांगितलं. डाव्या पायाखाली ठेवायला छोटा पाट, जाड कापडाची पिशवी, आणि नायलॉनच्या तारांचा एक जादा संच. खांद्याचा रंगीत पट्टा आत्ता नको म्हणाले, बसून शिकायचंय. सूर जुळवायचं यंत्रही नको म्हणाले. "घरात तुझ्या बाबांचा कान आहे की," असं ते युनुएनला म्हणाले, पण पाहत होते एवारिस्तोकडे.

आमची शिकवणी चुलीशेजारी चालायची. अतोलचा, म्हणजे मक्याच्या पातळ लापशीचा, वास, ओल्या लाकडाचा धूर, आणि युनुएनची लाल झालेली बोटं. एवारिस्तो समोर बसून सांगायचा, मला मात्र कधी शिवायचा नाही. तिचा डावा हात लवकर शहाणा झाला. उजव्याने मात्र छळलं. पिरेकुआच्या चालीत अंगठा दोन मोजतो आणि बोटं तीन, आणि तरीही दोघं एकत्र घरी पोचतात. युनुएनचा अंगठा बोटांच्या मागे धावायचा आणि गाणं अडखळायचं. "ऐक," एवारिस्तो म्हणायचा आणि उजव्या हाताने आपल्या गुडघ्यावर ती चाल वाजवायचा. किती सुंदर वाजायचा तो गुडघा! मला त्या गुडघ्याचा हेवा वाटायचा.

सण जवळ आला तशी त्याला काळजी लागली. कॉर्पसला गल्लीच्या दोन्ही टोकांना पितळी वाद्यांचे ताफे उभे असतात. त्या गोंगाटात पोरीची एवढीशी गिटार कुणाला ऐकू येणार? लोक हसतील, ती पुन्हा गिटारीला हात लावणार नाही. म्हणून त्याने बाजारातून लोखंडी तारा आणल्या. लग्नातल्या ताफ्यांत खणखणीत वाजतात ना, त्या. युनुएन शाळेत असताना त्याने पहिल्यांदाच मला मांडीवर घेतलं. एका हाताने आणि दातांनी त्याने त्या तारा चढवल्या. त्याचा श्वास माझ्या तबलीवर पडत होता. त्याने किती मायेने ते केलं म्हणून सांगू! आणि मला किती दुखत होतं. मी नायलॉनच्या तारांसाठी घडलेली. लोखंडाची ओढ मला कुठली सोसायला?

दोन दिवस मी दात आवळून काढले. तिसऱ्या दिवशी युनुएन सूर लावत असताना तबली फुगली आणि कडाड आवाज करून घोडी उखडली. ती रडली नाही. तिने लोखंडी तारांकडे पाहिलं, मग बाबांकडे. एवारिस्तो उठून परसात गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

"वासराच्या मानेवर बैलाचं जू ठेवलंस की रे," एवारिस्तो मला दुकानात घेऊन आला तेव्हा ताता अबुंदिओ एवढंच म्हणाले. त्यांनी सरस लावला, मला शिकंज्यात आवळलं आणि खिडकीपाशी ठेवलं. तिथे मी पडून होते. बाहेरून सणाच्या तयारीचे आवाज येत होते आणि मला सारखं झाडाचं स्वप्न पडत होतं. मला वाटलं, संपलं आपलं. पण सणाच्या सकाळी तातांनी शिकंजा सोडला, नायलॉनच्या तारा बांधल्या आणि टकटक केली. मी बोलले. आवाज थोडा खाली उतरला होता, इतकंच.

दुपारी तातांच्या दारातल्या बाकावर युनुएन मला घेऊन बसली. पायाखाली तिचा पाट होता. गल्ली जमली होती. एवारिस्तो भिंतीला टेकून उभा, हात सारापेत. तिने सुरुवात केली आणि अडखळली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडखळली. टोपीवाली चोना मावशी म्हणाली, "अगं, गिटारच झेलली होतीस ना, का आमची टोपी?" सगळे हसले. चोनाच्या मनात वाईट नव्हतं, पण युनुएनचे कान लाल झाले. तिने उजवा हात माझ्या तारांवरून काढून मांडीवर ठेवला. मला सगळं कळत होतं आणि काही करता येत नव्हतं.

तेव्हा एवारिस्तो भिंतीपासून निघाला. बाकावर तिच्या मागे येऊन बसला. सारापे मागे टाकली. त्याचा बोटं नसलेला डावा हात सगळ्या गल्लीने पाहिला. तो हात त्याने लेकीच्या खांद्यावर ठेवला आणि उजवा पुढून माझ्या तारांवर आणला.

"तू धर," तो म्हणाला. "मी छेडतो."

तिने धरलं, त्याने छेडलं. अंगठा दोन मोजत होता, बोटं तीन, आणि दोघं एकत्र घरी पोचत होते. मग तो गायला लागला. दोन्ही टोकांचे ताफे वाजतच होते, ते काही थांबले नाहीत. पण गल्लीतली माणसं एकेक पाऊल जवळ सरकली. चोना तर माझ्या इतकी जवळ आली की तिच्या टोपीची कड मला लागत होती.

त्यानंतर दर कॉर्पसला आम्ही तिघं तसेच बसलो. एरवी मला भिंतीवर दिवस काढावे लागले. युनुएन मोठी झाली, तिचा उजवा हातही शहाणा झाला, तिला मोठी गिटार मिळाली. चुलीच्या धुराने मी काळवंडले, एका पावसाळ्यात तार पिळायची माझी एक खुंटीही फुगली. तक्रार नाही, पण तुम्हाला विनंती आहे. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी असेल तर तिला धुरात आणि ओलीत टांगू नका. तिच्या मापाच्याच तारा बांधा, कितीही माया असली तरी. आणि अधूनमधून तिला खाली काढा. आम्ही न वाजता जुन्या होतो तेव्हा फार एकट्या होतो.

एवारिस्तो गेल्या हिवाळ्यात गेला. यंदाच्या कॉर्पसला युनुएनने मला काढलं, पुसलं, आणि त्याच बाकावर बसली. तिची बोटं आता माझ्या मानेवर गर्दी करतात. तिने डाव्या हाताने सूर धरला. उजवा हात मांडीवर तसाच ठेवला आणि थोडी मागे सरकून, पाठीमागे जागा ठेवून, ती थांबली. मीही थांबले. मग तिला आठवलं, आणि तिने आपला हात उचलला.