नऊ मिनिटांचं कुलूप

माझं चष्म्याचं दुकान सकाळी दहाला उघडायचं आणि दुकानातला कॉम्प्युटर दहा वाजून नऊ मिनिटांनी. ही नऊ मिनिटं म्हणजे लेकीने पसंत केलेल्या मुलाची कृपा. त्याला होणारा जावई म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. मी त्याला कुलूपवाला म्हणायचो.

गिऱ्हाइकांच्या डोळ्यांची माहिती चोरीला जाऊ नये म्हणून त्याने अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करून दिली होती. म्हणजे आधी पासवर्ड द्यायचा, तो बरोबर असला तरच कॉम्प्युटर सुरू होणार. "लांबलचक ठेवा काका, आणि कुठेही लिहून ठेवू नका," असं त्याने बजावलं. मी ठेवला चांगला चौदा अक्षरांचा. दुसऱ्या दिवसापासून यंत्र ढिम्म.

"याला घरात घेतलं तर घरही असंच चालेल," मी हिला म्हणालो.

"एका डबड्यापायी पोरीचं लग्न मोडू नका," ही म्हणाली.

पण मी अट घातलीच. आठवड्याभरात कॉम्प्युटर पहिल्यासारखा सुरू झाला तर बोलणी, नाहीतर लांबूनच नमस्कार. लेकीने माझ्याशी बोलणं टाकलं.

शनिवारी कुलूपवाला मोबाइलवर स्टॉपवॉच लावून दुकानात हजर. मागोमाग लेकही आली आणि माझ्याकडे न बघता फडकं घेऊन पुसापुशी करू लागली. "काका, एन्क्रिप्शनने फार तर एक-दोन सेकंद वाढतात. तुम्ही रोजच्यासारखं सुरू करा, मी नुसतं बघतो."

मी बटण दाबलं. पासवर्डची चौकट लगेच आली. मग समोरच्या भिंतीकडे बघत मी एकेक अक्षर दाबू लागलो. चुकलं. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा चुकल्यावर यंत्र बंदच पडलं. "बघितलंस?" मी विजयाने म्हणालो.

त्याची नजर भिंतीकडे गेली. तिथे डोळे तपासायचा तक्ता होता.

"काका, पासवर्ड त्या तक्त्यावर आहे?"

"खालच्या दोन ओळी. लिहून ठेवलेला नाही. छापील आहे."

"अहो, पण दिवसभर येणारा प्रत्येक माणूस तो मोठ्याने वाचून दाखवतो!"

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण माघार घेणं माझ्या रक्तात नाही. "प्रत्येकाला कुठे वाचता येतो? ज्याला येतो त्याला चष्मा लागत नाही, तो परत फिरकतच नाही."

तो तक्त्यापाशी गेला, दोन ओळी वाचल्या, येऊन बटण पुन्हा दाबलं आणि त्या टाइप केल्या. कॉम्प्युटर उघडला. "पस्तीस सेकंद," तो पुटपुटला.

लेक मात्र कॉम्प्युटरकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. आठवड्यात पहिल्यांदाच बोलली. "बाबा, खालच्या दोन ओळी वाचा."

"धूळ आहे त्यावर." रोज धूळ झटकायला म्हणून मी तक्त्याजवळ जायचो आणि मगच पासवर्ड जमायचा.

"मी आत्ताच पुसलाय."

जुना तक्ता मला तीस वर्षं तोंडपाठ होता, त्यामुळे माझे डोळे ठणठणीत होते. हा नवा. पासवर्ड ठेवला त्या दिवशी हा तक्ता अजून टेबलावरच पडला होता, नाकासमोर.

लेकीने मला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं, तपासणीची जड फ्रेम नाकावर चढवली आणि एकेक काच बदलू लागली. चष्मेवाल्यालाच दिसत नाही हे बाहेर कळलं तर माझ्याकडे येणार कोण? लाज वाटत होती आणि भीतीही. चौथ्या काचेला अक्षरं एकदम लख्ख झाली आणि मला भडभडून आलं.

अशा वेळी दुसरा कोणी असता तर पोट धरून हसला असता. त्याचा हक्कच होता. पण कुलूपवाला कधीचा पाठ फिरवून उभा होता आणि फळीवरचे गॉगल नीट लावत होता. ते मुळातच नीट लावलेले होते.

"अरे," मी म्हणालो, "उद्या आईवडिलांना घेऊन घरी ये."

त्याच्या हातातले चारही गॉगल खाली पडले.