खाजकुइलीची सकाळ

हेमंताची सकाळ. सह्याद्रीच्या निळ्या खांद्यावरून ऊन उतरले, हिरड्याच्या पानांवर क्षणभर थबकले आणि सोनेरी, संथ, स्नेहार्द्र होऊन शाळेच्या पडवीत आले. पडवीत आठवीचा वर्ग आनापानाच्या ध्यानाला बसला होता. मिटलेल्या पापण्या, मांडीवर विसावलेले तळहात. एक श्वास आत, एक श्वास बाहेर.

फक्त रेणुकेचे डोळे उघडे होते.

ते समोर बसलेल्या अंबिकेवर खिळले होते. तिच्या तेल चोपडून घातलेल्या दोन वेण्यांवर, वेण्यांमधल्या उघड्या गव्हाळ मानेवर. अकरा दिवसांपूर्वीपर्यंत ही तिची जिवाभावाची मैत्रीण होती. मग एका दुपारी अंबिकेने रेणुकेच्या दप्तरातली वही काढली आणि रेणुकेने आपल्या मेलेल्या आईला लिहिलेले पत्र साऱ्या वर्गाला हसत हसत वाचून दाखवले. 'आई, तुझ्या लुगड्याला अजून तुझा वास येतो.' वर्ग खदखदला होता. ते हसू रेणुकेच्या उरात अहोरात्र धुमसत राहिले.

आज सूड. शांत, सुंदर, सोनसळी सूड.

तिच्या मुठीत पळसाचे पान होते आणि पानात खाजकुइलीच्या शेंगांवरची केसाळ कूस. दिसायला मखमल, अंगाला लागली की आग. शिंगोटेबाईंचा मंद स्वर पडवीभर फिरत होता. "श्वासाकडे लक्ष द्या. कुठं दुखलं, कुठं खाजलं, तरी हलायचं नाही. नुसतं बघायचं. येतं आणि जातं." सूड उगवायला याहून सोयीची वेळ कुठली? सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि तेही बाईंच्या आज्ञेने.

पान उलगडले. कूस अंबिकेच्या मानेवर झरली, अलगद, अदृश्य, अबोल.

रेणुका किंकाळीची वाट पाहू लागली.

मान आरक्त झाली. खांदे थरथरले, वेण्या थरथरल्या, गालाच्या कडेवरून पाणी ओघळले. पण अंबिकेचा हात मांडीवरून उठला नाही. बाई सांगत होत्या तशी ती स्वतःच्या आगीकडे नुसती बघत बसली होती. रेणुकेच्या अंगाचा तिळपापड झाला. ओरड ना, लोळ ना, सगळ्यांपुढे तुझीही शोभा होऊ दे! रेणुकेच्या स्वतःच्या तळहातात चार कुसळे रुतली होती, आणि तिला मात्र ती खाज सोसवेना.

घंटा झाली. वर्ग पांगला. अंबिका मागे वळली.

"अजून असंल तर टाक," ती हळूच म्हणाली. "पण बोल माझ्याशी. अकरा दिस झाले."

रेणुकेने अंबिकेचे मनगट धरले आणि तिला शाळेमागच्या गोठ्याकडे फरफटत नेले. खाजकुइलीवर उतारा एकच, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक: ओले शेण.

तिने ओंजळभर ताजे, उबदार, हिरवे शेण उचलले आणि त्या मानेवर थापले. चोळले. पुन्हा थापले, खांद्यांवर, वेण्यांवर, गरज नसताना दोन्ही गालांवरसुद्धा. प्रत्येक थापेत राग होता, आणि प्रत्येक थापेने दोघींची आग निवत होती.

"परत माझी वही उघडशील?"

"न्हाई."

रेणुकेने आणखी एक ओंजळ भरली आणि मैत्रिणीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत लावली. सावकाश, सावकाश, एकेक बोट फिरवत.