रडणारा क्रूस आणि ल्युत्सिनाच्या गोळ्या

दगडी क्रूस रडत होता. बीट काढायचं सोडून अख्खं गाव फाट्यावर जमलं होतं.

क्रूस म्हणजे काय, झेनोनच्या मते:

"पाचशे वर्षांपूर्वी इथे खून झाला. खुन्याने शिक्षा म्हणून हा दगड स्वतः घडवला. ही कोरलेली तलवार बघा. प्रायश्चित्त अपुरं राहिलंय, मंडळी."

झेनोन लोलक फिरवून रोग सांगतो. गर्दी मात्र आभाळ भरून आलं की मगच बोलावतो.

"पण झेनोनदादा, आपले आजी-आजोबा महायुद्धानंतर पूर्वेकडून मालगाडीने आले, गाईंसकट," मी म्हणाले. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. "तो खुनी आपला कोण?"

"पाप रक्तात नसतं बाई, घरात असतं. तुम्ही राहता कुणाच्या घरात?"

युद्धानंतर इथून हाकललेल्या जर्मनांच्या घरांत आम्ही राहतो, त्यांच्याच चुलीवर रांधतो.

यादविगाने हळूच विचारलं, "माझ्या ल्युत्सिनाला फिट येतात, त्या या पापानेच?"

"गोळ्यांनी पाप दबतं, फिटत नाही. गोळ्या थांबव. पोरीला रोज इथे आण."

मी ओल्या दगडाला बोट लावून चाखलं. "खारट आहे."

"मग अश्रू काय गोड असतात होय?" झेनोन म्हणाला. बायका हसल्या.

क्रूस म्हणजे काय, फादरांच्या मते: शिवेचा दगड.

संग्रहालयाच्या मते: कदाचित अपघाताची खूण.

माझ्या मते: माहीत नाही. ज्यांना माहीत होतं, ते गेले.

संध्याकाळी मी यादविगाच्या दारात उभी राहिले. "गोळ्या बंद करू नकोस गं."

"तुला मूल नाही. तू नको सांगूस."

गोळ्या थांबल्या. थोड्याच दिवसांत ल्युत्सिना झोपेत फिट येऊन वारली. नऊ वर्षांची होती.

दफनानंतर मी शाळेच्या दगडी खांबाला जाडं मीठ चोळलं. हवा दमट झाली तसा खांबही रडला. मिठाला पाणी सुटतं, तुमच्या बरणीत सुटतं तसं. क्रूसाच्या भेगेतही तेच मीठ ठासलेलं निघालं. झेनोन तोवर पसार.

यादविगा खांबाकडे बघत राहिली.

"मग माझ्या पोरीचं काय चुकलं होतं?"

"काही नाही."

"आणि माझं?"

लोकहो, दगडाचा अर्थ कळत नसेल तर कळत नाही म्हणा, आणि आजारी लेकराला औषध द्या.