‘चालेल’ म्हणणाऱ्या माणसाचा आवाज

साहेब, तुम्ही एका माणसाचा एक शब्द तेवढा उचललात आणि माणूस टाकून दिलात. हे मी तुमच्या तोंडावर सांगतो आहे. मला ना पगार, ना बढती. मग भ्यायचं कशाला?

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझं झाकण तुटलं आहे, सेलच्या खणात गंज चढला आहे. पण मी जन्मलो तेव्हा काळाभोर आणि चकचकीत होतो. कारखान्यात मला तपासणारी मुलगी माझ्या जाळीपाशी तोंड आणून म्हणाली, “ऐकू येतंय का रे ठोंब्या?” मी तिचं बोलणं तिला परत ऐकवलं. ती लाजून लाल झाली. “अय्या, मी अशी बोलते?” त्या दिवशी मला माझं काम समजलं. माणसाचं बोलणं जसंच्या तसं परत द्यायचं, खोकला आला तर खोकल्यासकट.

मग मी एका कचेरीत आलो. तिथे व्यवहार्यता अहवाल लिहीत. नाव भारदस्त असलं तरी गोष्ट साधी आहे. एखादं काम हाती घेण्याआधी ते जमेल का, परवडेल का आणि त्यातून कुणाचं भलं होईल का, हे तपासून लिहायचं. ज्या बाई हे तपासत त्यांना सगळे ताई म्हणत. ताई मला खांद्याला लावून गल्लोगल्ली हिंडायच्या. “माझा हा भाऊ बोलत नाही, पण विसरतही नाही,” असं त्या लोकांना सांगायच्या, तेव्हा माझी छाती फुगायची.

ताईंची एक पद्धत होती. लिहायला बसण्याआधी त्या विचारायच्या, हे वाचणार कोण? आणि वाचून ठरवणार काय? वाचणाऱ्याचे प्रश्नच ठाऊक नसतील तर कितीही माहिती गोळा करा, ते भरल्या पोटी वाढलेलं ताट. पद्धत चांगली होती, मित्रांनो. ती वाया गेली ती वाचणाऱ्यापायी.

गल्लीच्या टोकाचा लहान दवाखाना मोठ्या रस्त्यापलीकडच्या, पायऱ्यांचा पूल चढून जावं लागेल अशा नव्या इमारतीत हलवायचा होता. ताई आधी साहेबांकडे गेल्या. “तुम्हाला या अहवालातून काय हवंय?”

साहेब म्हणाले, “खर्च किती, जागा किती आणि लोकांचं चालेल ना? एका पानात सांगा. मला कादंबरी नको.”

मग आम्ही त्या गल्लीत गेलो. तळमजल्यावरच्या एका खोलीत एक निवृत्त बसचालक राहत होते. छातीतून सारखी शिट्टी वाजायची, म्हणून गल्ली त्यांना ‘हॉर्न’ म्हणायची आणि तेही खुशाल ओ द्यायचे. रोज सकाळी बायकोचा हात धरून ते दवाखान्यात औषधाची वाफ घ्यायला जात. ती घेतली की दिवस निघे. त्यांची बायको शिवणाचं मशीन थांबवून आमच्याजवळ येऊन बसली.

ताईंनी माझं बटण दाबलं. “काका, दवाखाना पुलापलीकडे गेला तर चालेल का?”

काकांनी शिट्टी वाजवत एक श्वास घेतला. मग म्हणाले, “चालेल.”

“नक्की?”

“दवाखाना चालेल हो ताई, त्याला काय धाड भरलीय! मी चालेन का ते विचारा.” आणि ते हसले. हसता हसता खोकल्याची उबळ आली.

“अहो, नीट सांगा ना,” बायको चिडली. “त्या पुलाच्या पायऱ्या चढवतील का तुम्हाला?”

“अगं, आपण नाही म्हटलं तर ते थांबणार आहेत का? उगाच या पोरीला कशाला अडचणीत टाकायचं? चालेल लिहा, ताई. जन्मभर बस चालवली, आता आम्हाला कुणीतरी चालवतंय.”

हे सगळं मी घेतलं. शिट्टी, हसू, खोकला, थांबलेलं मशीन, सगळं. ताई घराघरांत गेल्या. ‘चालेल’ जवळजवळ सगळेच म्हणाले. आपली बोलायची रीतच तशी आहे. नाही म्हणणं जड जातं, म्हणून आपण चालेल म्हणतो, आणि ऐकणाऱ्याने समजून घ्यावं अशी आशा धरून बसतो.

ताईंनी हे अहवालात स्पष्ट लिहिलं. लोक ‘चालेल’ म्हणतात, पण त्यात होकार नाही, गल्लीत निदान वाफेची सोय राहू द्यावी. साहेबांनी त्या परिच्छेदावर उभी रेघ मारली.

“चालेल म्हणालेत ना? मग तुम्ही का रडताय?”

“साहेब, एकदा टेप ऐका. ते कसं म्हणालेत ते ऐका.”

“ताई, वाचणाऱ्याचा विचार करून लिहा असं तुम्हीच सांगता ना? मग वाचणारा मी आहे. माझ्यासाठी लिहा.”

ताईंची विद्या त्यांच्याच तोंडावर मारली गेली. अहवाल एका पानाचा झाला आणि दवाखाना हलला.

पहिल्या थंडीत काका वाफ घ्यायला निघाले आणि पुलाच्या अर्ध्या पायऱ्यांवर बसले. बायको लोकांना हाका मारत राहिली. काका उठलेच नाहीत.

आता उरलेलं सांगतो. माझा आवाज आता इथे फाटतो, सांभाळून घ्या. काकू कचेरीत आल्या. भांडायला नव्हे. ताईंना म्हणाल्या, “फोटो आहेत गं माझ्याकडे. आवाज नाही. मला ते ‘अगं’ म्हणाले होते बघ, तेवढंच ऐकव.”

ताईंनी कपाटातून मला काढलं, नवे सेल घातले, कॅसेट लावली. आणि माझ्या पोटातून साहेबांचा आवाज निघाला. नव्या इमारतीच्या उद्‌घाटनाचं भाषण! “अहवाल झालाय, कॅसेट मोकळी आहे,” असं म्हणून साहेबांनीच ते माझ्यावर चढवायला लावलं होतं. लोकांनी आनंदाने होकार दिला, असं ते सांगत होते. टाळ्या वाजत होत्या.

काकू शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. भाषण संपल्यावर कुठेतरी ‘अगं’ असेल, या आशेने. मग बाजू उलटायला लावली. तिथेही भाषणच.

“झालं?” त्यांनी विचारलं. ताई तोंड फिरवून रडल्या. आणि मी? मला रडता येत नाही. कुणी रडलं तर ते रडणं रेकॉर्ड करता येतं, एवढंच.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं जपा असं मी सांगत नाही. यंत्रं मिळतात. कुणाला काही विचाराल तेव्हा उत्तरानंतर क्षणभर गप्प राहा आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघा. त्याचं सगळं बोलणं लिहा. वाचणाऱ्याला आवडो न आवडो. कारण सही करणारा एक असतो, आणि भोगणारे वेगळे असतात.

साहेब, काकू तुमच्या दाराबाहेरच्या बाकावर बसल्या आहेत. शिपाई दोनदा ‘उद्या या’ म्हणाला, तरी उठत नाहीत. त्यांचं एकच म्हणणं आहे, “पुसायच्या आधी ह्यांचा आवाज तुम्ही एकदा तरी ऐकला होता का?”

ऐकला होता की नाही? बाहेर या आणि त्यांना सांगा.